पाठिंब्याची सही आणि विवेकाचा प्रश्न

रविवारची मिस्सा आटोपून श्रद्धावंत चर्चच्या आवारात येतात, तेव्हा कधीकधी फाटकाजवळ एक टेबल मांडलेले असते. टेबलावर कागद आणि पेन, मागे एक फलक. कुठल्यातरी जवळच्या वा दूरच्या अन्यायाविरुद्धचे ते निवेदन असते. 'आपलीही एक सही हवी,' असे कुणी नम्रपणे म्हणते आणि आम्ही सही करतो. निवेदनाचा पहिला परिच्छेद आम्ही वाचलेला असतो आणि त्यातील दुःखाने आमचे मनही हललेले असते. मात्र शेवटच्या परिच्छेदात नेमकी मागणी काय केली आहे, हे आमच्यापैकी किती जण पाहतात? आता तर टेबलाचीही गरज उरलेली नाही. मोबाइलवर निवेदन येते, बोटाच्या एका स्पर्शाने पाठिंबा नोंदवला जातो आणि तेच निवेदन पुढच्या दहा जणांकडे रवाना होते.

अशा सह्या करणारी माणसे वाईट नसतात. उलट ती सहृदय असतात. सही मागणाऱ्या संस्थाही बहुधा प्रामाणिक असतात. तरीही एक शंका आम्हांला दीर्घकाळ सतावीत आली आहे. एखाद्या प्रश्नाला पाठिंबा देताना सामाजिक संस्था, आंदोलक गट आणि आपल्यासारखे धार्मिक समुदाय पुरेशी चिकित्सा करतात काय? सहीला पैसे पडत नाहीत, म्हणून ती फुकट आहे असे आपल्याला वाटते. प्रत्यक्षात तिची किंमत कुणीतरी मोजत असते आणि ती मोजणारा मनुष्य बहुतेक वेळा आपल्या नजरेच्या टप्प्यात नसतो. हे विधान हवेत राहू नये म्हणून आफ्रिकेतील एका घटनाक्रमाचा येथे विचार करू. त्यात एका कॅथलिक धर्मप्रांताचा घनिष्ठ संबंध असल्यामुळे आपल्या वाचकांना तो विशेष जवळचा वाटेल.

उत्तर युगांडातील वीस वर्षे

युगांडाच्या उत्तर भागात अचोली लोकांची वस्ती आहे आणि गुलू हे तेथील प्रमुख शहर व आर्चडायोसिसचे केंद्र. १९८०च्या दशकाच्या अखेरीस या प्रदेशात जोसेफ कोनी नावाच्या बंडखोराने 'लॉर्ड्स रेझिस्टन्स आर्मी' ही सशस्त्र टोळी उभी केली. देवाचे नाव घेणाऱ्या या टोळीने स्वतःच्याच लोकांवर अनन्वित अत्याचार केले. गावेच्या गावे जाळण्यात आली. हजारो मुलांचे अपहरण करून मुलांच्या हाती बंदुका देण्यात आल्या, तर मुलींना सरदारांच्या 'बायका' बनविण्यात आले. सरकारने लोकांना छावण्यांत हलविले. विस्थापितांची संख्या एका काळी १५ लाखांच्या वर गेली आणि त्या छावण्यांतील रोगराईनेही असंख्य बळी घेतले.

१९९६ च्या ऑक्टोबर महिन्यात अबोके येथील सेंट मेरीज कॉलेज या कॅथलिक शाळेतून १३९ मुलींना बंडखोरांनी रात्रीतून पळवून नेले. शाळेच्या उपमुख्याध्यापिका, इटालियन धर्मभगिनी राकेले फासेरा, एका शिक्षकाला सोबत घेऊन बंडखोरांच्या मागावर जंगलात गेल्या. त्यांनी विनवण्या करून १०९ मुली परत आणल्या. ३० मुलींना मात्र टोळीने ठेवून घेतले. या मुलींच्या पालकांनी नंतर वर्षानुवर्षे जगाचे दरवाजे ठोठावले. पण जगाला ऐकू येत नव्हते. ही उपेक्षा विसरून पुढच्या घटनेचा न्याय करता येणार नाही.

तीस मिनिटांची चित्रफीत

५ मार्च २०१२ रोजी 'इनव्हिजिबल चिल्ड्रन' या अमेरिकन संस्थेने 'कोनी २०१२' नावाची सुमारे तीस मिनिटांची चित्रफीत इंटरनेटवर प्रसृत केली. अवघ्या सहा दिवसांत ती १० कोटी वेळा पाहिली गेली. तिचा संदेश अत्यंत सोपा होता : कोनी हा खलनायक आहे, जगाला त्याचे नाव ठाऊक नाही, ते सर्वांना ठाऊक झाले तर सरकारांवर दबाव येईल आणि तो पकडला जाईल. अमेरिकेने २०११ च्या अखेरीस मध्य आफ्रिकेत सुमारे १०० लष्करी सल्लागार पाठविले होते. त्यांना परत बोलावले जाऊ नये, ही तिच्यामागची एक ठोस मागणी होती. प्रेक्षकांनी काय करावयाचे, तर चित्रफीत पुढे पाठवावयाची, मनगटावर कडे घालावयाचे आणि २० एप्रिलच्या रात्री आपले शहर कोनीच्या भित्तिपत्रकांनी भरून टाकावयाचे. नामवंत कलावंतांनी, विद्यार्थी मंडळांनी आणि अनेक संस्थांनी तत्काळ पाठिंबा जाहीर केला.

चित्रफितीत खोटे असे फारसे नव्हते. अडचण वेगळीच होती. कोनी आणि त्याची टोळी २००६ च्या सुमारासच युगांडा सोडून गेली होती. उरलेले काहीशे बंडखोर काँगो, मध्य आफ्रिकी प्रजासत्ताक आणि दक्षिण सुदान यांच्या सीमेवरील अरण्यांत विखुरलेले होते. चित्रफितीत याचा उल्लेख होता, पण ओझरता. पाहणाऱ्याच्या मनावर ठसत होते ते युगांडातील जुने भय. गुलूमध्ये त्या वेळी छावण्या रिकाम्या होऊन लोक आपापल्या शेतांवर परतले होते. त्यांच्यासमोर जमिनीचे तंटे होते, उद्ध्वस्त शाळा होत्या आणि हजारो मुलांना ग्रासणारा, मान सतत डोलत राहण्याचा एक गूढ आजार होता. यांपैकी कशासाठीही कुणी रात्र जागविणार नव्हते.

१३ मार्च २०१२ रोजी एका स्थानिक संस्थेने उत्तर युगांडातील लिरा शहरात ही चित्रफीत खुल्या मैदानावर पडदा लावून दाखविली. ज्यांच्यासाठी जग हळहळत होते, ते हजारो लोक ती पाहावयास जमले. आपली मुले गमावलेल्या त्या माणसांना पडद्यावर आपण फारसे दिसलोच नाही. दिसले ते एक परदेशी कुटुंब आणि ज्याने त्यांचा सर्वनाश केला, त्याचे नाव कपड्यांवर व कड्यांवर मिरविणारी तरुण मुले. लोक संतापले, दगडफेक झाली आणि पुढचे खेळ थांबवावे लागले. १० कोटींच्या पाठिंब्यात ज्यांचा प्रश्न होता त्यांचाच पाठिंबा घ्यावयाचा राहून गेला होता.

गुलूचे धर्मनेते काय म्हणत होते

हा घटनाक्रम आपल्याला अधिक विचार करावयास लावतो तो यासाठी की, तेथे प्रश्न विचारणारे लोक होते आणि ते काठावर उभे राहून बोलणारे नव्हते. १९९०च्या दशकाच्या उत्तरार्धात अचोली प्रदेशातील कॅथलिक, अँग्लिकन, ऑर्थोडॉक्स आणि मुस्लिम धर्मनेत्यांनी एकत्र येऊन शांततेसाठी एक संयुक्त व्यासपीठ स्थापन केले. गुलूचे तत्कालीन आर्चबिशप जॉन बाप्टिस्ट ओदामा हे त्याचे एक आधारस्तंभ होते. अपहरणाच्या भीतीने खेड्यांतील हजारो मुले रोज संध्याकाळी चालत शहरात येऊन उघड्यावर झोपत असत. जून २००३ मध्ये आर्चबिशप ओदामा आणि त्यांचे सहकारी चार रात्री त्या मुलांसोबत रस्त्यावर झोपले. बंडखोरांशी बोलण्यासाठी जंगलात जाण्याचा धोकाही या धर्मनेत्यांनी पत्करला. याच गटातील अँग्लिकन बिशप मॅक्लिऑर्ड बेकर ओचोला यांच्या पत्नीचा १९९७ मध्ये भूसुरुंगाच्या स्फोटात मृत्यू झाला होता. तरीही ते सूडाची नव्हे, तर माफीची भाषा बोलत राहिले. या सर्वांच्या प्रयत्नांमुळे युगांडात २००० साली माफीचा कायदा झाला आणि त्याच्या आधारे कोनीच्या टोळीतील हजारो जण शस्त्रे खाली ठेवून घरी परतले.

लष्करी मोहिमेबाबत त्यांचा प्रश्न साधा होता. कोनीचे सैन्य कोणाचे बनलेले आहे? ते पळवून नेलेल्या मुलांचेच बनलेले आहे. मग त्या सैन्यावर बॉम्ब टाकावयाचे म्हणजे कोणावर टाकावयाचे? ज्यांना सोडविण्यासाठी मोहीम काढावयाची, तेच बंदुकीच्या तोंडी उभे असतात. हा केवळ तर्क नव्हता. डिसेंबर २००८ मध्ये युगांडाच्या सैन्याने अमेरिकेच्या मदतीने काँगोतील बंडखोरांच्या तळांवर हल्ला केला होता. कोनी निसटला. त्यानंतर नाताळच्या सणातच त्याच्या टोळीने काँगोतील खेड्यांवर सूड उगविला. फाराजे येथे तर नाताळच्या संगीत कार्यक्रमासाठी जमलेल्या लोकांवर हल्ला झाला. 'ह्यूमन राइट्स वॉच' या संस्थेच्या अहवालानुसार २४ डिसेंबर २००८ ते १७ जानेवारी २००९ या काळात ८६५ हून अधिक नागरिक मारले गेले आणि किमान १६० मुलांना पळविण्यात आले. त्या खेड्यांचे रक्षण करण्याची तरतूद मोहीम आखणाऱ्यांनी पुरेशी केलेली नव्हती.

येथे एक गोष्ट प्रामाणिकपणे नमूद केली पाहिजे. धर्मनेत्यांचा मार्गही पूर्णांशाने यशस्वी झाला नाही. जुबा येथे २००६ पासून चाललेल्या वाटाघाटींनंतर तयार झालेल्या अंतिम करारावर कोनीने २००८ मध्ये सही केलीच नाही. पीडितांमध्येही एकमत नव्हते : कोनी पकडला जावा असे अनेक अचोलींना वाटत होते आणि काँगोतील ज्या गावांवर तोपर्यंत हल्ले होत होते, त्यांना सैनिकी संरक्षण हवेच होते. 'इनव्हिजिबल चिल्ड्रन'च्या पदरीही काही चांगले काम जमा आहे. हल्ल्यांची पूर्वसूचना देणाऱ्या बिनतारी संदेश-यंत्रणेला आणि बंडखोरांना घरी परतण्याचे आवाहन करणाऱ्या पत्रकांना तिने हातभार लावला. म्हणजे प्रश्न 'एक बाजू खरी, दुसरी खोटी' इतका सरळ नव्हता. तो गुंतागुंतीचा होता आणि ती गुंतागुंत समजून घेण्याची उसंत १० कोटी प्रेक्षकांना कुणी दिली नाही, त्यांनीही मागितली नाही.

पुढे काय झाले? २० एप्रिलची ती रात्र आली, तेव्हा बहुतेक शहरांत फारसे कुणी बाहेर पडले नाही. सहा आठवड्यांत जगाची दया आटली होती. २०१७ मध्ये अमेरिका आणि युगांडा यांनी कोनीचा शोध थांबविला. २०२५ च्या नोव्हेंबरमध्ये आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयाने त्याच्या गैरहजेरीतच त्याच्यावरील आरोप कायम केले. पण तो हाती लागल्याखेरीज खटला चालू शकत नाही. याउलट, ज्या डॉमिनिक ऑन्ग्वेनला त्याच न्यायालयाने २०२१ मध्ये २५ वर्षांची शिक्षा सुनावली, त्याला लहानपणी शाळेच्या वाटेवरून याच टोळीने पळवून नेले होते. जो बळी होता तोच पुढे अपराधी झाला. कोणत्याही कड्यावर वा भित्तिपत्रकावर हे सत्य मावणारे नव्हते.

प्रश्न का विचारले जात नाहीत?

सामाजिक संस्थांत बुद्धिमान माणसांची वाण नसते. मग चिकित्सा का होत नाही? आमच्या मते त्याची चार कारणे आहेत. पहिले म्हणजे एकमेकांवरचा विसंबा. निवेदनाखाली आधीच पन्नास संस्थांची नावे असतील, तर एक्कावन्नावी संस्था समजते की पन्नासांनी तपासले असेलच. त्या पन्नासांनीही तसेच समजून सही केलेली असते. दुसरे कारण सोप्या गोष्टीची भूक. देणगीदाराला आणि वर्तमानपत्राला एक खलनायक, एक बळी आणि एक उपाय हवा असतो; 'परिस्थिती गुंतागुंतीची आहे' असे सांगणाऱ्या पत्रकाला देणगी मिळत नाही. तिसरे कारण यशाचे मोजमाप. किती सह्या मिळाल्या हे सहज मोजता येते, पण दोन वर्षांनी त्या गावात काय झाले हे मोजावयास कुणी जात नाही. चौथे आणि सर्वांत नाजूक कारण म्हणजे शंकेखोर ठरण्याचे भय. ज्या बैठकीत सर्वांचे डोळे पाणावलेले आहेत, तेथे 'पण या मागणीचा परिणाम काय होईल?' असे विचारणारा मनुष्य दगडाच्या काळजाचा वाटतो. म्हणून तो गप्प बसतो आणि त्याचे मौन ही संमती धरली जाते.

ढाक्याहून मिळालेला धडा

चिकित्सा केल्याने चळवळ दुबळी होते, असा एक समज आहे. आपल्या शेजारच्या बांगलादेशातील अनुभव तो खोटा ठरवितो. १९९२ मध्ये अमेरिकन सिनेटर टॉम हार्किन यांनी बालमजुरांकडून तयार झालेल्या मालाची आयात रोखण्याचे विधेयक मांडले. हेतू अतिशय स्तुत्य होता आणि त्याला मोठा पाठिंबाही लाभला. पण विधेयक संमत होण्यापूर्वीच निव्वळ धास्तीने बांगलादेशातील कापड कारखानदारांनी मुलांना कामावरून काढून टाकले. युनिसेफच्या अंदाजानुसार अशा मुलांची संख्या सुमारे ५०,००० होती. त्यानंतर मुलांचा माग काढला गेला, तेव्हा ती शाळेत गेलेली नव्हती. कुणी खडी फोडत होते, कुणी रस्त्यावर फेरी करीत होते, तर काही मुली वेश्याव्यवसायात ढकलल्या गेल्या होत्या. कारखान्यापेक्षा ही कामे अधिक घातक होती.

या वेळी मात्र कुणीतरी विचारले : कारखान्यातून बाहेर पडलेले मूल उद्या सकाळी कोठे जाईल? त्या प्रश्नातून १९९५ मध्ये कारखानदारांची संघटना, आंतरराष्ट्रीय श्रम संघटना आणि युनिसेफ यांच्यात करार झाला. नवी मुले कामावर घ्यावयाची नाहीत, आणि असलेल्यांना शाळेत जागा मिळेपर्यंत काढावयाचे नाही, असे ठरले. बुडालेल्या मजुरीची अंशतः भरपाई म्हणून मुलांना मासिक भत्ताही देण्यात आला. बालमजुरी वाईट आहे, हे मत कुणी सोडले नाही. सोडला तो केवळ एका घोषणेने सारे साधेल हा भ्रम. प्रश्न विचारल्यामुळे चळवळ मोडली नाही; ती प्रथमच मुलांच्या उपयोगी पडली.

शंका आणि सबब

यावर एक आक्षेप येईल आणि तो वाजवी आहे. प्रश्न विचारत बसणे ही काहीही न करण्याची सभ्य सबब होऊ शकते. अबोकेच्या पालकांना अशा सबबी पुष्कळ ऐकाव्या लागल्या असतील. सत्तेवरील मंडळींनाही 'आणखी चौकशी करू' हे वाक्य फार प्रिय असते. तेव्हा खरी शंका आणि सबब यांत फरक कसा करावयाचा?

आमच्या मते, सबब सांगणारा मनुष्य प्रश्न विचारून निघून जातो. शंका घेणारा उत्तरासाठी थांबतो. धर्मभगिनी राकेले यांनी निवेदन काढले नाही, त्या मुलींच्या मागे गेल्या. आर्चबिशप ओदामा यांनी लष्करी उपायावर शंका घेतली, पण मुलांसोबत रस्त्यावर झोपूनही दाखविले. दयाळू शोमरोनीचा दृष्टान्त आपण सर्व जाणतो. त्याने वाटेवरच्या जखमी माणसाला जवळ जाऊन पाहिले, त्याच्या जखमा बांधल्या, त्याला उतारशाळेत नेले आणि परतताना जास्तीचा खर्च फेडण्याचे वचन दिले. त्याची करुणा पुढे पाठवून देण्याची नव्हती. आपल्या परंपरेने विवेकाला मूलभूत सद्गुणांत स्थान दिले आहे. दयेला आवर घालणारा लगाम अशा अर्थाने नव्हे, तर दयेला वाट दाखविणारा डोळा म्हणून.

आपल्या टेबलावर

आता पुन्हा चर्चच्या फाटकाजवळच्या त्या टेबलाकडे येऊ. आपली पॅरिश कौन्सिले, महिला मंडळे, युवक संघटना आणि सेवाभावी गट वर्षाकाठी अनेक निवेदनांना पाठिंब्याची पत्रे देतात. एखाद्या संस्थेच्या शीर्षपत्रावर जेव्हा आपल्या धर्मग्रामाचे नाव जाते, तेव्हा ते केवळ पदाधिकाऱ्यांचे नसते. जे श्रद्धावंत त्या बैठकीला नव्हते, त्यांचीही विश्वासार्हता त्यासोबत उसनी दिली जाते. म्हणून सही करण्यापूर्वी चार प्रश्न विचारण्याची सवय आपण लावून घ्यावी, असे आम्ही सुचवितो. ज्यांचा हा प्रश्न आहे त्यांना कुणी विचारले आहे काय, आणि त्यांच्यात मतभेद असतील तर ते आपल्याला सांगितले गेले आहेत काय? जे वर्णन केले आहे ते आजचे आहे की दहा वर्षांपूर्वीचे? मागणी मान्य झाली, तर दुसऱ्या दिवशी सकाळी सर्वांत दुबळ्या माणसाचे काय होईल? आणि आपला अंदाज चुकला, तर तो दुरुस्त करण्याची जबाबदारी कोण घेणार आहे?

हे प्रश्न विचारल्याने काही सह्या उशिरा होतील, काही होणारही नाहीत. पण ज्या होतील त्या टिकतील, कारण त्यांच्यामागे सहा आठवड्यांची हळहळ नसेल, समजून घेतलेली बांधिलकी असेल. जी संस्था या प्रश्नांना शांतपणे उत्तर देते, तिला केवळ सहीच काय, आपला वेळ आणि आपली मिळकतही द्यावी. जी संस्था या प्रश्नांनीच दुखावते, तिच्या कागदावर सही करण्याची घाई करू नये.

याची सुरुवात आम्ही स्वतःपासून करीत आहोत. आजवर न वाचता केलेल्या आमच्या सह्या किती, हे आम्हांला सांगता येणार नाही, आणि त्यांचा हिशेब कुणी मागितलेला नाही. पुढच्या रविवारी टेबल मांडले जाईल तेव्हा आम्ही तेथे थांबू, कागद शेवटपर्यंत वाचू आणि टेबलामागच्या तरुणाला विचारू, 'बाळा, त्या गावातल्या लोकांचे यावर काय म्हणणे आहे?' त्याला उत्तर ठाऊक असेल, तर सही करू. ठाऊक नसेल, तर ते शोधावयास त्याच्यासोबत बसू.